८५ हा आकडा आणि नागपूरची चाचणी

सिनॉप्सिसमध्ये 'संशोधनाची साधने' या मथळ्याखाली आपण सगळेच एक वाक्य ठोकून देतो: "प्रमाणित बुद्धिमापन चाचणी वापरली जाईल." मीही ठोकलं होतं. गाईडनी शेजारी पेन्सिलीने लिहिलं, "प्रमाणित कधी? कोणत्या मुलांवर?"

शोधायला लागल्यावर कळलं, की मुळात प्रश्नच दोन वेगळे होते. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने आयोग नेमला, १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि सिमोन यांची चाचणी आली. तिचं काम एवढंच, की नेहमीच्या वर्गात ज्याचा निभाव लागत नाही असं मूल ओळखायचं. (मराठी-कानडी मुलांसाठी कामतांनी केलेली बिने-कामत चाचणी याच घराण्यातली. तिच्यावर पुन्हा कधीतरी.) १९६३ मध्ये शिकागोत पालकांपुढे बोलताना सॅम्युएल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द पुढे आणला, तेव्हा चर्चा उलट्या मुलांची होती: डोकं चालतं, पण वाचता येत नाही. आता बुद्ध्यंक कमी नाही हे दाखवायला तीच चाचणी लागू लागली. म्हणजे काय, तर मूल शोधणारं साधन दारावरचा पहारेकरी झालं!

आपल्याकडे हा पहारा कागदावर दिसतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्याखालच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत क्रम असा होता: आधी मिसिक किंवा विस्कने बुद्ध्यंक काढायचा, तो ८५ च्या वर असेल तरच पुढे निम्हान्सच्या चाचण्या.

यातली मिसिक नागपूरची. आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या १९४९ च्या अमेरिकन विस्कवरून ती भारतीय मुलांसाठी बेतली, १९६९ च्या सुमारास. खरी मेख इथेच आहे. बुद्ध्यंक म्हणजे ताप नव्हे, की थर्मामीटर लावला आणि आकडा आला. तो तुलनेतून निघतो. आजचं मूल आणि त्या काळातली मुलं, अशी ही तुलना. अमेरिकेत दर दशकाला साधारण ३ गुणांनी सरासरी वर सरकल्याचं जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखवलं. आपल्याकडेही तसं सरकलं असेल, तर जुन्या मानकांवर आजच्या मुलाचे गुण फुगणार.

समजा, ताज्या मानकांवर ज्याचे ८० आले असते, त्याचे जुन्यावर ८८ येतात. तो ८५ ओलांडतो, त्याला पुढची तपासणी मिळते, कदाचित परीक्षेत जादा वेळही. पण ज्याचे ६७ यायचे त्याचे ७३ आले, तर बौद्धिक अक्षमतेचा दाखला हातून जातो. एकाच चुकीने एकाला दार उघडतं, दुसऱ्याला बंद होतं. आणि दोघांच्याही फाईलवर शेरा तोच, 'प्रमाणित चाचणी'.

तेव्हा जुन्या केस फाईल्स डेटा म्हणून घेणार असाल, तर बुद्ध्यंकाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखा: कोणती चाचणी, मानकांचं वर्ष, आणि मुलाला प्रश्न कोणत्या भाषेत विचारले. माझ्याकडच्या फाईल्समध्ये तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहिला.