परक्या आईचे सारथ्य

मंडळाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेताना सभागृह, गणेशोत्सव, नाट्यप्रयोग यांची नोंद होईल आणि ती व्हावीही. परंतु ज्या मोटारींतून आपली वडीलधारी मंडळी कार्यक्रमास आली आणि रात्री सुखरूप घरी परतली, त्या मोटारींची नोंद कोणत्याच इतिवृत्तात सापडत नाही. म्हणून या निर्वेतन सारथ्याचा परदेशांतील इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या पत्नी लेडी रीडिंग यांनी १९३८ साली इंग्लंडात स्त्रियांची एक स्वयंसेवी संघटना उभारली. पुढे महायुद्ध सुरू झाले व पेट्रोलवर नियंत्रण आले. अशा टंचाईतही या संघटनेच्या स्त्रिया मोटारी घेऊन सेवेस निघत. १९४३ पासून घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांकडे गरम जेवण पोहोचविण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले.

अमेरिकेतील प्रश्न निराळा. तेथील वसाहती मोटारीच्या भरवशावर दूरवर पसरल्या. दृष्टी मंदावली, परवाना गेला, की माणूस घरातच अडकतो. १९८८ साली मेन राज्यातील पोर्टलंड येथे ८४ वर्षांच्या एका चालकाच्या मोटारीची कॅथरीन फ्रॉइंड यांच्या तीन वर्षांच्या मुलास धडक बसली. मूल बचावले. म्हाताऱ्या माणसाला चाक हाती धरण्यावाचून गत्यंतर का नसावे, याचा त्या मातेने विचार केला आणि १९९५ साली तेथे वृद्धांसाठी वाहनसेवा सुरू केली. स्वयंसेवकांच्या जोडीला पगारी चालक ठेवले. प्रवाशाकडून माफक भाडे घेतले, कारण फुकटच्या उपकाराचे ओझे स्वाभिमानी वृद्धांस सोसवत नाही. स्वयंसेवकाच्या फेऱ्या त्याच्या खात्यावर जमा होत आणि त्या आपल्या माणसांसाठी वापरण्याची सोयही ठेवली.

तथापि अशा सेवेच्या वाटेत अडथळे पुष्कळ आहेत. सेवाकार्यासाठी मोटार चालविणाऱ्यास अमेरिकेत करसवलत मिळते, पण तिचा दर कायद्यानेच मैलास १४ सेंट असा बांधला गेला व १९९८ पासून तो तसाच राहिला. २०२५ साली व्यवसायासाठीचा दर मैलास ७० सेंट होता! स्वयंसेवकांना दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदा १९९७ साली झाला खरा, परंतु मोटार चालविताना घडलेली हानी त्यातून वगळलेली आहे. ज्या कामात धोका अधिक, तेथेच छत्र नाही. शिवाय पुष्कळ चालक स्वतःच सेवानिवृत्त असतात. २०२० च्या महासाथीत त्यांनाच घरी बसण्याची पाळी आली.

आपल्याकडे २००७ च्या कायद्याने वृद्ध आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे. परंतु आईला दवाखान्यात कोणी न्यावे, या प्रश्नाचे उत्तर अखेर घरानेच किंवा शेजाऱ्याने द्यावयाचे असते. परवान्यावाचून भाडे घेऊन खासगी मोटारीतून प्रवासी नेता येत नाहीत, म्हणून येथे हे काम बहुतांशी स्नेहावरच चालते. स्नेहाला मात्र एक शत्रू आहे, तो म्हणजे संकोच. “उगाच तुम्हांला कशाला त्रास,” असे म्हणून आजी घरी राहतात, आणि त्यांनी सांगितले नाही म्हणून आपणही विचारीत नाही.

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील सांगलीस, अकोल्यास वा रत्नागिरीस एकटे आहेत. त्यांना दवाखान्यात नेणारा कोणी शेजारी असतो, म्हणूनच आपण येथे निश्चिंतपणे नोकरी करतो. ते ऋण तेथे जाऊन फेडणे दर वेळी शक्य होत नाही. ते येथे, परक्या आईला मोटारीत बसवून फेडता येईल. मंडळाने या सुवर्णमहोत्सवी वर्षात एक साधी वही ठेवावी. कोणाची मोटार कोणत्या वारी मोकळी असते, एवढेच तीत लिहावे. मग आजींना मागावे लागणार नाही. मंडळाचाच माणूस त्यांच्या दारी जाऊन विचारील. पुढील पन्नास वर्षांच्या इतिवृत्ताचे पहिले पान या वहीचे असावे, अशी आमची नम्र विनंती आहे.