ब्लूआर्क

ब्लूआर्क ही नेटवर्क साठवण यंत्रणा बनवणारी कंपनी होती. एरवी सॉफ्टवेअर म्हणून चालणारी फाइल सिस्टीम थेट हार्डवेअरमध्ये उतरवणे हे तिच्या उत्पादनांचे वैशिष्ट्य होते. जेफ बॅरल यांनी १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये तिची स्थापना केली. कंपनीचे आधीचे नाव सिनॅक्सिया नेटवर्क्स असे होते. पुढे तिचे मुख्यालय कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे होते.

पार्श्वभूमी

एका ठिकाणी साठवलेल्या फाइली अनेक संगणकांना नेटवर्कवरून उपलब्ध करून देणाऱ्या यंत्रास नॅस म्हणतात. सर्वसाधारण नॅस हा मूलतः एक संगणकच असतो. फाइल वाचण्याची विनंती आली की त्याचा प्रोसेसर ती नेटवर्कवरून स्वीकारतो, एनएफएस किंवा एसएमबी प्रोटोकॉलनुसार तिचा अर्थ लावतो, डिस्कवरील फाइलची जागा शोधतो आणि माहिती मेमरीमार्गे परत पाठवतो. एकाच वेळी हजारो विनंत्या आल्यास ही सर्व कामे त्याच प्रोसेसरसाठी व मेमरीसाठी खोळंबतात.

रचना

ब्लूआर्कने ही कामे एफपीजीए प्रकारच्या चिपमध्ये विभागली. या चिपमधील परिपथांची जुळणी कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही बदलता येते. नेटवर्क, फाइल सिस्टीम आणि डिस्क यांच्यासाठी स्वतंत्र चिप व मेमरी असल्याने एक विनंती डिस्कच्या टप्प्यावर असतानाच पुढील विनंतीचे काम आधीच्या टप्प्यावर सुरू होते. एफपीजीएचा क्लॉक वेग प्रोसेसरपेक्षा बराच कमी असतो. ही उणीव अशा समांतर कामामुळे भरून निघते. व्यवस्थापन आणि अपवादात्मक परिस्थिती हाताळणे ही कामे मात्र सॉफ्टवेअरकडेच ठेवण्यात आली.

लिहिण्याच्या विनंतीची नोंद वीज गेल्यावरही टिकणाऱ्या मेमरीत झाल्यावरच ग्राहक संगणकाला पोच दिली जाते. त्यामुळे डिस्कवर लिहिण्यापूर्वी यंत्र बंद पडले, तरी माहिती गमावली जात नाही.

मर्यादा

हार्डवेअर वर्णनभाषेत फाइल सिस्टीम लिहिणे व तपासणे हे सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा वेळखाऊ असते. फाइल सिस्टीममध्ये दोष राहिल्यास साठवलेली माहितीच बिघडू शकते. म्हणून नंतर दुरुस्ती करता येणे अत्यावश्यक ठरते. कायमस्वरूपी परिपथ असलेल्या चिपऐवजी एफपीजीए वापरल्याने अशी दुरुस्ती फर्मवेअर बदलून करता येते. बहुगाभा प्रोसेसर स्वस्त व वेगवान होत गेल्याने मात्र विशेष हार्डवेअरचा वेगातील लाभ घटत गेला.

अधिग्रहण

सप्टेंबर २०११ मध्ये हिताची डेटा सिस्टम्सने ब्लूआर्क विकत घेतली. त्यानंतर हे तंत्रज्ञान हिताची नॅस प्लॅटफॉर्म या उत्पादनमालिकेत वापरले गेले.