कंडेन्सिंग बॉयलर : निचरा आणि धूर यांची योग्य वाट

ब्रिटनमधील बहुतांश घरांत खोल्या उबदार ठेवण्याचे व नळाला गरम पाणी पुरवण्याचे काम गॅसवर चालणारा बॉयलर करतो. नोकरी वा शिक्षणानिमित्त तेथे बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबांचीही पहिल्याच हिवाळ्यात त्याच्याशी गाठ पडते. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर, मोजके अपवाद वगळता, 'कंडेन्सिंग' प्रकारचाच असावा लागतो. त्याची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास असते. मात्र निचऱ्याची व धुराची नळी चुकीची बसली, तर बचत दूरच, जिवालाही धोका संभवतो.

गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमधून ती धुराबरोबर निघून जात असे. नव्या प्रकारात, रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सिअसहून थंड असल्यास ही वाफ आतच निवते आणि तिची उष्णता घराच्या कामी येते. उरते ते आम्लयुक्त पाणी.

निचरा : हे पाणी तांबे व लोखंड झिजवते, म्हणून नळी प्लॅस्टिकचीच हवी. तिला दर मीटरला किमान ४५ मिलिमीटर उतार द्यावा व शक्यतो घराच्या आतच सांडपाण्याच्या नळीला जोडावी. बाहेरून नेणे अटळ असल्यास ती आखूड, आतून किमान ३० मिलिमीटर रुंद व उष्णतारोधक आवरणाची असावी. डिसेंबर २०१०च्या कडाक्याच्या थंडीत अशा नळ्या गोठून ब्रिटनभर असंख्य बॉयलर बंद पडले होते. गोठलेल्या नळीवर बाहेरून कोमट पाणी ओतावे. उकळते पाणी वापरू नये. बॉयलर सुरू करण्यापूर्वी त्याच्या 'ट्रॅप'मध्ये पाणी भरणे आवश्यक असते. अन्यथा निचऱ्याच्या वाटेने धूर घरात शिरू शकतो.

धुराची नळी : ती बॉयलरच्या दिशेने उतरती असावी, म्हणजे आत निवलेले पाणी बाहेर न ठिबकता परत येते. तिचे तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून सर्वसाधारणपणे किमान ३०० मिलिमीटर दूर असावे. सांधा सैल राहिल्यास कार्बन मोनॉक्साइड घरात पसरू शकतो. या वायूला रंग नसतो, वासही नसतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणे होत. संशय येताच बॉयलर बंद करून, खिडक्या उघडून घराबाहेर पडावे व ०८०० १११ ९९९ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

हे काम व्यवसाय म्हणून करणारा तंत्रज्ञ 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंदलेला असणे कायद्याने बंधनकारक आहे. घर भाड्याचे असल्यास घरमालकाने दरवर्षी तपासणी करून तिच्या नोंदीची प्रत भाडेकरूस द्यावयाची असते. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्मही सक्तीचा झाला आहे. घराची किल्ली हाती घेतानाच या दोन्ही गोष्टींची खातरजमा करून घेणे हिताचे.