हातातले हत्यार यंत्रात कसे गेले

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये सुमारे १८०० सालचा एक लेथ जपून ठेवलेला आहे. राजाची तलवार संग्रहालयात गेली तर कोणाला नवल वाटत नाही. कारखान्यातले यंत्र तेथे मानाने बसते, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि लेथखात्यात पुष्कळ झाले. तेव्हा या लेथची चित्रे आम्ही टर्नरच्या नजरेनेच तपासली.

पूर्वी धातू कातताना हत्यार कारागिराच्या हातात असे. ते आधारावर टेकवून धरायचे; मनगट हलले की काम बिघडले. आटे पाडणे तर त्याहून कठीण. एकाच कारखान्यातला बोल्ट आपल्या जोडीच्या नटाखेरीज दुसऱ्या नटात बसेल, याची खात्री नसे.

हेन्री मॉडस्लेच्या या लेथची बैठक दोन त्रिकोणी दांड्यांची आहे. तिच्यावरून स्लाइड रेस्ट सरकतो आणि हत्यार त्यात आवळलेले असते. स्पिंडल आणि लीड स्क्रू गिअरांनी जोडलेले आहेत. जॉब फिरला की लीड स्क्रू फिरतो, रेस्ट ठरल्या मापाने पुढे जातो आणि आटा उमटतो. जॉबच्या एका फेऱ्यात लीड स्क्रूचा अर्धाच फेरा होईल असे गिअर लावले, तर नव्या आट्यांचे अंतर लीड स्क्रूच्या निम्मे येते. अशा रीतीने एका स्क्रूवरून अनेक जातींचे स्क्रू निघू लागले.

हे सारे एकट्या मॉडस्लेचे डोके, असे मानू नये. सरकत्या रेस्टचा लोखंडी लेथ फ्रान्सच्या वोकाँसाँने अठराव्या शतकाच्या मध्यासच केला होता. तो पॅरिसच्या संग्रहालयात आहे. विखुरलेली अंगे एकत्र आणून रोजच्या कामाला भरवशाची केली, हे मॉडस्लेचे श्रेय.

हा मॉडस्ले कोण? १७७१ साली वुलिच येथे जन्मलेला, बाराव्या वर्षी तेथल्या शस्त्रागारात काडतुसे भरणारा पोर. अठराव्या वर्षी तो कुलपे करणाऱ्या जोसेफ ब्रामाकडे लागला आणि कारखान्याचा मुख्य कारागीर झाला. आठवड्याला तीस शिलिंग मिळत. १७९७ साली त्याने वाढ मागितली, ती नाकारली गेली. त्याने नोकरी सोडून स्वतःचे दुकान थाटले, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत हा लेथ तयार झाला. पगारवाढीचा अर्ज घेऊन आम्हीही पुष्कळदा मालकांच्या दारात उभे राहिलो आहोत; हा प्रसंग आम्हाला परका वाटत नाही.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या कप्प्या बनवण्यासाठी मार्क ब्रुनेलने आखलेली यंत्रे मॉडस्लेने घडवली. त्या काळच्या हिशेबाप्रमाणे, ११० कसबी कारागिरांचे काम त्यांवर दहा बिनकसबी माणसे करू लागली. मॉडस्लेकडे काम केलेल्या रिचर्ड रॉबर्ट्सने पुढे सूतकात्यांच्या संपाने बेजार झालेल्या गिरणीमालकांसाठी आपोआप चालणारा म्यूल बनवला. त्याचे पहिले पेटंट १८२५ चे.

यंत्राशी आमचे भांडण नाही. आमच्या हाताला अचूकपणा त्यानेच शिकवला. मात्र कारागिराचे कसब लोखंडात उतरले, तेव्हा त्या कसबाची मिळकत कोणाकडे गेली आणि त्या शंभरांच्या चुली कशावर पेटल्या, याचे उत्तर यंत्र तपासून सापडत नाही. ते माणसांनीच माणसांना विचारावे लागते.