पायथॉन २ ची निवृत्ती

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी आली. जुना कोड बदलल्याशिवाय तिच्यावर चालणार नाही, हे भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारपूर्वक ठरवले होते.

सर्वांत मोठे कारण मजकुराचे होते. पायथॉन २ मधली साधी स्ट्रिंग म्हणजे बाइट्सची माळ. यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी ती भाषा १५ सांगे, कारण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पायथॉन ३ तीच लांबी ५ सांगते: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. युनिकोडसाठी जुन्या भाषेत वेगळा प्रकार होता खरा, पण दोन्ही प्रकारांची सरमिसळ करता येई. त्यामुळे इंग्रजी अक्षरांवर तपासलेला प्रोग्रॅम सुरळीत चाले आणि पहिलेच देवनागरी नाव आले की अडखळून बंद पडे. इंग्रजीपलीकडच्या लिपींसाठी हा बदल नितांत गरजेचा होता.

तरीही स्थलांतर रखडले. वापरातल्या सगळ्या लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडसंच, नव्या आवृत्तीवर गेल्याखेरीज प्रोग्रॅम हलवता येत नव्हता, आणि वापरणारे जुन्या आवृत्तीवर आहेत म्हणून लायब्ररी हलत नव्हत्या. जुलै २०१० मध्ये आलेली २.७ ही दुसऱ्या पिढीतली शेवटची आवृत्ती ठरली. तिची मुदत २०१५ पर्यंत होती. २०१४ मध्ये ती २०२० पर्यंत वाढवण्यात आली. दरम्यान एकच कोड दोन्हीकडे चालावा म्हणून ‘सिक्स’ नावाची छोटी लायब्ररी घरोघरी पोहोचली. दोन गुणिले तीन सहा, म्हणून हे नाव.

दोन्ही आवृत्त्या सांभाळण्याचा भार बहुतांशी स्वयंसेवकांवर होता. प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावी लागे, आणि भाषेतल्या नव्या सोयींना हात लावता येत नसे. मॅट्रिक्स गुणाकाराचे चिन्ह हे याचे बोलके उदाहरण. वैज्ञानिक गणन करणाऱ्यांच्या मागणीवरून ते २०१५ मध्ये ३.५ आवृत्तीत आले. पण पायथॉन २ ला सपोर्ट देणाऱ्या वैज्ञानिक लायब्ररींना ते स्वतःच्याच कोडमध्ये वापरता येईना.

कोंडी फुटली ती एका साध्या तांत्रिक सोयीने. पूर्वी एखाद्या लायब्ररीने जुनी आवृत्ती सोडली, तर पॅकेज बसवणारे ‘पिप’ जुन्या पायथॉनवरही तिची नवीच आवृत्ती आणून ठेवी आणि चालते काम मोडे. नोव्हेंबर २०१६ मधल्या पिप ९ पासून, लायब्ररीने कोणते पायथॉन लागते हे नोंदवले असेल, तर जुन्या पायथॉनवाल्याला चालणारी शेवटची आवृत्ती आपोआप मिळू लागली. सपोर्ट सोडणे म्हणजे वापरणाऱ्याला वाऱ्यावर सोडणे, असे आता राहिले नाही. एप्रिल २०१७ मध्ये आयपायथॉन या संवादी शेलच्या ६.० आवृत्तीने आणि डिसेंबरमध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कच्या २.० आवृत्तीने पायथॉन २ सोडले. नमपाय या वैज्ञानिक गणनाच्या लायब्ररीने तारखा आधीच जाहीर केल्या आणि जानेवारी २०१९ ची १.१६ ही जुन्या भाषेवर चालणारी शेवटची मालिका ठरवली. अनेक प्रकल्पांनी २०२० पर्यंत बाहेर पडण्याच्या सामाईक निवेदनावर नावे नोंदवली. एकट्याने पाऊल उचलायला कचरणाऱ्यांना या सोबतीने बळ मिळाले.

१ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ ची मुदत संपली, २.७.१८ ही अखेरची आवृत्ती २० एप्रिलला निघाली. ई-पुस्तकांचे कॅलिब्रे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या भाषेवर आले, पिपने जानेवारी २०२१ मध्ये जुनी भाषा सोडली, आणि ॲपलने २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून २.७ काढून टाकले.

आता निवृत्तीचे वेळापत्रकच ठरलेले आहे. पायथॉनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. वैज्ञानिक लायब्ररींनी २०१९ मध्ये आखलेला नियम याहून कडक होता: मागच्या ४२ महिन्यांत निघालेल्या आवृत्त्यांनाच सपोर्ट.