एका शिळेवरची आठ तीर्थे

बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले की आपली नजर शांत चेहऱ्यावर खिळते. आज मी आपल्याला मूर्तीचा उजवा हात पाहायला सांगणार आहे.

बिहार-बंगालमध्ये पाल राजांच्या काळात, साधारण ८व्या ते १२व्या शतकांत, काळसर दगडाच्या असंख्य बुद्धमूर्ती घडल्या. त्यांतल्या कितीतरी मूर्तींची उजव्या हाताची बोटे जमिनीला टेकलेली दिसतात. ही भूमिस्पर्श मुद्रा. कथा अशी : ज्ञानप्राप्तीच्या आधी माराने सिद्धार्थाला विचारले, 'या आसनावर तुझा हक्क आहे, याला साक्षीदार कोण?' सिद्धार्थाने आकाशातल्या देवाला हाक मारली नाही. पायाखालच्या मातीला बोट लावले. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यात हा प्रसंग माराच्या सैन्यासह भिंतीवर कोरला आहे. पाल काळातल्या कित्येक मूर्तींत सैन्य नाही. नुसत्या हातावरून भाविकाला सारी कथा कळत असे.

आता मूर्तीच्या कडेने पाहा. झाडाची फांदी धरून उभी असलेली स्त्री म्हणजे लुंबिनीतला जन्म. चक्र आणि हरणे म्हणजे सारनाथचे पहिले प्रवचन. नमलेला हत्ती राजगृहाचा, मध देणारे माकड वैशालीचे. श्रावस्तीचा चमत्कार आहे, संकिसाला स्वर्गातून उतरणे आहे, आणि सर्वांत वर आडवे झालेले बुद्ध, म्हणजे कुशीनगर. मधली मोठी मूर्ती बोधगयेची. अशी ही आठ तीर्थे. ज्याला एवढी पायपीट जमणार नव्हती, त्याची यात्रा एका शिळेपुढे घडत असे. तळहातावर मावतील एवढ्या दगडी फलकांवरही हेच आठ प्रसंग कोरले गेले. असे फलक ब्रह्मदेशात आणि तिबेटातही सापडले आहेत.

अशीच एक भव्य शिळा नालंद्याजवळ जगदीशपूरला आहे. त्या जागेला स्थानिक लोक रुक्मिणीस्थान म्हणतात. मगधातले विहार ओस पडले, ही खूण वाचणारे भिक्षू गेले. दगड मात्र जागीच राहिला आणि लोकांनी त्याला आपल्या ओळखीचे नाव दिले. त्यांना मी दोष देणार नाही, कारण त्यांच्या श्रद्धेनेच अशा मूर्ती सांभाळल्या. पण अर्थ सांभाळण्याचे काम आपल्याकडे उरले आहे. संग्रहालयातली पाटी पुष्कळदा 'बुद्ध, काळा दगड' एवढेच सांगते. तेवढ्यावर पुढे जाऊ नका. कोपऱ्यातले माकड शोधा. ते नक्षीसाठी बसवलेले नाही. वैशालीचा रस्ता दाखवायला बसले आहे.