बाबासाहेबांचा पडलेला ठराव आणि बाईच्या शरीराचा प्रश्न

बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी मोकळे केले, संविधान लिहिले, हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदावर लाथ मारली, हे आपल्या वस्तीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण लैंगिक प्रश्नांवर उघड लिहिणाऱ्या एका संपादकासाठी बाबासाहेब कोर्टात उभे राहिले आणि संततिनियमनाची साधने गोरगरिबांना मिळावीत म्हणून त्यांच्या पक्षाने विधिमंडळात ठराव मांडला, हे जयंतीच्या किती भाषणांत ऐकू येते? हा इतिहास आपणच गाळतो, कारण तो सांगताना आपलीच जीभ अडखळते. त्या अडखळण्याची किंमत आपल्या बाया मोजत आहेत.

सुरुवात त्याही आधी करावी लागेल. १८६३ साली जोतिबा आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला पुन्हा लग्न करू द्यायचे नाही, तिच्यावर घरातल्याच पुरुषाने हात टाकायचा आणि दिवस गेले की तिनेच विहीर जवळ करायची, हा त्या काळचा ब्राह्मणी न्याय होता. फुले दांपत्याने अशा बायांना छप्पर दिले. गर्भारपण हा बाईचा गुन्हा नाही, हे या महाराष्ट्रात कृतीने सांगितले गेले ते तिथे.

पुढे १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सचे केंद्र उघडले होते. म्हणजे मुंबई जगाच्या मागे नव्हती. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ साली मरेपर्यंत. गर्भनिरोध, गुप्तरोग, स्त्रीचे कामसुख यांवर ते शास्त्राच्या आधाराने लिहीत. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला.

१९३४ साली दुसरा खटला झाला. हस्तमैथुनासारख्या विषयांवर वाचकांनी प्रश्न विचारले होते आणि कर्व्यांनी उत्तरे छापली होती. या वेळी वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. दीड वर्षापूर्वीच पुणे करार झालेला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू, अशा काळात त्यांनी हे वकीलपत्र घेतले. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. असले विकृत प्रश्न छापताच कशाला, या आक्षेपावर त्यांचे उत्तर होते की विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल. लोक विचारत असतील तर संपादकाने उत्तर दिलेच पाहिजे. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. पण मुद्दा बघा. ज्ञानावर कुणाची मक्तेदारी नाही, ही आपल्या चळवळीची मूळ भूमिका आहे. वेद ऐकले म्हणून कानात शिसे ओतणारी व्यवस्था आणि शरीराची माहिती छापली म्हणून दंड करणारी व्यवस्था, यांची नाळ एकच आहे.

आता १० नोव्हेंबर १९३८. मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला: सरकारने सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात. भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. त्यात लोकसंख्येचे आणि गरिबीचे गणित आहे, पण त्याचा गाभा वेगळा आहे. बाळंतपणाच्या कळा पुरुषाच्या वाट्याला आल्या असत्या तर त्याने एकापेक्षा जास्त मूल होऊ दिले नसते, अशा आशयाचे विधान त्यात आहे. गर्भ राहू द्यायचा की नाही हे पूर्णपणे बाईच्या इच्छेवर असावे, असेही त्यात म्हटले आहे. १९३८ साली! राज्य खेर यांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाचे होते. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२.

या काळात देशातले सर्वात मोठे पुढारी काय सांगत होते? डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधींना भेटल्या. गांधींनी साधनांना विरोध केला. त्यांचा उपाय ब्रह्मचर्य आणि आत्मसंयम. दिवसभर गिरणीत राबून दारू पिऊन घरी आलेल्या नवऱ्यापुढे बाईने संयम कुठून आणायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. बाबासाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून कळला नव्हता. ते स्वतः आईबापाचे चौदावे अपत्य, आणि लहान असतानाच त्यांची आई गेली. रमाईची पाच लेकरे, त्यांतली चार गेली. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू मांडणारे आणि २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देऊ नका असे सांगणारे बाबासाहेब एकच आहेत. त्याच परिषदेत आपल्या बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला आणि बहुपत्नीत्वाच्या विरोधात ठराव केला.

काही मित्र म्हणतील, कुटुंब नियोजन हा तर गरिबांची संख्या कमी करण्याचा डाव आहे. हा संशय बिनबुडाचा नाही. १९५२ साली भारत सरकारने कार्यक्रम सुरू केला, पण त्यात बाईची इच्छा मागे पडली आणि उद्दिष्टाचा आकडा पुढे आला. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. २०१४ साली छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरांनंतर १३ बायांचा जीव गेला. आजही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशात बायांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचे ०.३ टक्के आहे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी आणि कमी धोक्याची असूनही! म्हणून फरक नीट समजून घ्या. सक्ती हा सरकारचा कार्यक्रम होता. बाबासाहेबांची मागणी निवडीची होती. सक्तीला विरोध करताना निवडही फेकून दिली तर आपण ५२ जणांच्या रांगेत जाऊन बसतो.

गुप्तरोगांची कथा याहून कडू आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायांना एक ना एक स्त्रीरोग आढळला. आधी तशी तपासणी झालेल्या बाया जेमतेम ८ टक्के होत्या. तीस वर्षांनी बीड जिल्ह्यात काय दिसले? सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायांची गर्भाशये काढलेली निघाली. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, फडावर संडास नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते आणि कॅन्सरची भीती घालून तिची पिशवीच काढली जाते. अशा जंतुसंसर्गांपैकी बहुतेक वेळेवर गोळ्या घेतल्या तर बरे होतात. जात, मजुरी आणि लाज या तिघांनी मिळून त्या पिशव्या काढल्या आहेत.

म्हणून कार्यकर्त्याला निदान एवढे ठाऊक हवे. गर्भ आणि लैंगिक आजार या दोन्हींपासून बचाव करते ते कंडोमच. तांबी, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन यांनी गर्भ टळतो, परमा, गरमी किंवा एचआयव्ही टळत नाही. तांबी नको वाटली तर काढून घेण्याचा हक्क बाईला आहे. पुरुष नसबंदीनंतर तीन महिने दुसरे साधन वापरावे लागते. मर्दानगी किंवा ताकद तिने जात नाही. हिरवट किंवा दुर्गंधी पाणी, खाज, फोड, लघवीला जळजळ ही लक्षणे दिसली तर तपासणी करून घ्यायची, आणि लैंगिक आजार निघाला तर औषध नवरा-बायको दोघांनी घ्यायचे, नाहीतर आजार परत येऊ शकतो. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही, आणि २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत अविवाहित बाईलाही तोच हक्क आहे.

वस्त्यांत काम करताना दिसते की बाया बोलायला तयार असतात. पांढऱ्या साडीतल्या आपल्या आजीसुद्धा विहारात दार लावून बसले की मोकळ्या होतात. गप्प असतात ते आपण तरुण कार्यकर्ते. येत्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एक दिवस स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक दिवस फक्त पुरुषांसाठी बैठक ठेवा. विहारात सुरक्षा क्लिनिकचा पत्ता लावा. पिशवी काढायला निघालेल्या बाईला आधी सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरकडे न्या.

१९३८ चा ठराव सभागृहात ४१ मतांनी पडला. तो आपल्या घरात पडू द्यायचा की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे.

जयभीम!